ईसीजी नॉर्मल, तरी धडधड: मग जायचं कुणाकडे?

छातीत जरा चमक आली की रात्री २ ला गुगल, सकाळी परत ईसीजी, रिपोर्ट नॉर्मल, दोन दिवस बरं वाटतं की पुन्हा तेच, असं महिनोन्महिने चाललं असेल तर ही आजाराची सततची चिंता (हेल्थ अँक्झायटी) असू शकते, आता चौथ्या हार्टवाल्याकडे नको, सायकियाट्रिस्टकडे जा. माझी तर रिपोर्टची फाईल लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड झालेली!

गोळ्या सायकियाट्रिस्टच देतात, सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, त्यांना सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) येते का ते आधीच विचारा. जाताना दिवसातून किती वेळा नाडी बघता, घरच्यांना "मला काही होणार नाही ना" किती वेळा विचारता, हे आठवडाभर लिहून न्या, डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.

गोळी बहुतेक एसएसआरआय (चिंता-नैराश्यावरच्या औषधांचा एक प्रकार) असते, फरक पडायला २ ते ६ आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस मळमळ, बेचैनी होऊ शकते, म्हणजे आपल्यासारख्यांना नवीनच टेन्शन, म्हणून पाकिटातला तो साइड इफेक्टचा कागद वाचत बसू नका, शंका थेट डॉक्टरांना विचारा. बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका.

खर्चाचं बघायचं तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, आणि आत्ताच बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.