पोर्तुगीज फुटबॉलपटू ब्रुनो फर्नांडिस यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

सुरुवात मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबपासून न करता २०१२ पासून करावी, कारण पोर्तुगालच्या बोआव्हिस्ता क्लबच्या युवा संघातून सतराव्या वर्षी थेट इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतील नोव्हारा क्लबकडे गेलेल्या या मिडफिल्डरची खरी जडणघडण तिथेच झाली. उदिनेसे आणि सांपदोरिया या इटालियन क्लबांमधील हंगाम ओझरते पाहिले तरी चालतील. स्पोर्टिंग लिस्बनचा २०१८-१९ चा हंगाम मात्र बारकाईने पाहावा; त्यात त्यांनी ३२ गोल केले, आणि मधल्या फळीतील खेळाडूसाठी ही कामगिरी खरोखर थक्क करणारी आहे. जानेवारी २०२० नंतरचे मँचेस्टर युनायटेडचे सामने पाहताना नजर चेंडूऐवजी त्यांच्यावर ठेवावी, म्हणजे चेंडू येण्याआधीच ते मान वळवून मागची मोकळी जागा हेरतात, हे दिसेल. पेनल्टी मारण्यापूर्वी ते घेतात त्या छोट्या उडीच्या वेळी गोलरक्षकाच्या हालचाली न्याहाळाव्यात. चुकलेले पास मोजताना ते किती धाडसी होते, हेही अवश्य नोंदवावे.