चौकोन उलट्या दिशेने फिरवून पाहिला का?

रोबोटिक्सच्या दुसऱ्या वर्षी मी अडीच महिने चुकीच्या जागी खोदत बसले होते. स्वायत्त गाडीचा प्रकल्प होता. दोन चाकं, मागे कॅस्टर म्हणजे सगळीकडे वळणारं छोटं चाक, वर लायडार म्हणजे लेझरने भिंतींचं अंतर मोजणारा सेन्सर. सिम्युलेशनमध्ये गाडी अख्खी खोली फिरून बरोबर जागेवर यायची. लॅबच्या फरशीवर मात्र नकाशात एका भिंतीच्या दोन भिंती उमटायच्या. मी स्लॅमचे, म्हणजे नकाशा काढता काढता त्यात गाडीची जागा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचे, पॅरामीटर बदलत राहिले. रात्री उशिराची लोकल पकडून भांडुपला जायचं, सकाळी येऊन पुन्हा तेच. दिवाळीतही लॅपटॉप बंद झाला नाही. त्या दिवसांची आठवण आली की अजूनही घशाशी येतं.

शेवटी लॅबमधले काका म्हणाले, "पोरी, नकाशा राहू दे. आधी गाडी सरळ जाते का ते दाखव." सरांनी असं कधी विचारलं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, जो तुमचा कोड न बघता आधी मोजमाप मागतो, त्याच्याकडेच शिका.

मी म्हटलं, ओडोमेट्री, म्हणजे चाकांच्या फेऱ्यांवरून गाडी कुठे पोचली ते काढायचं गणित, तपासून झालीय. दोन मीटरचा चौकोन घड्याळाच्या दिशेने फिरवला होता आणि गाडी खुणेजवळ परत आली होती. इथेच मी फसले होते, म्हणून हे नीट समजून घ्या.

एन्कोडर, म्हणजे मोटरवरचा फेऱ्या मोजणारा सेन्सर, फक्त चाक किती फिरलं ते सांगतो. गाडी किती वळली हे काढायला दोन चाकांमधलं अंतर लागतं. मी पट्टीने मोजून ३० सेंटीमीटर टाकलं होतं. पण रबरी टायर रुंद असतो, तो फरशीला नेमका कुठे टेकतो ते पट्टीला कळत नाही. खरं अंतर निघालं ३१.५. म्हणजे गाडी जागेवर पूर्ण ३६० अंश फिरली की गणित सांगणार ३७८. उलट बाजूने पाहा: गणिताला ९० वाटले तेव्हा गाडी जेमतेम ८६ अंश वळलेली. दुसरी चूक चाकांच्या व्यासाची. माझं डावं चाक किंचित मोठं होतं, त्यामुळे सरळ जाताना गाडी हळूहळू उजवीकडे झुकायची.

आता घड्याळाच्या दिशेचा चौकोन घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर उजवं वळण चार अंशांनी कमी पडतं, पण सरळ बाजूवर गाडी तेवढीच उजवीकडे झुकते आणि ती तूट भरून निघते. दोन चुका एकमेकींना झाकतात. तोच चौकोन काकांनी उलट्या दिशेने फिरवायला लावला आणि गाडी खुणेपासून पाऊण मीटर लांब जाऊन थांबली. खडूची ती खूण मी बराच वेळ बघत राहिले.

सिम्युलेशनमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. तिथे गाडीही ३० सेंटीमीटरची आणि गणितही ३० चंच. स्लॅम ओडोमेट्रीचा अंदाज घेऊनच लायडारचे ठिपके जुळवायला सुरुवात करतं. वळणावर तो अंदाजच चुकला की भिंत दुसरीकडे चिकटते.

ही चाचणी जुनी आहे. मिशिगन विद्यापीठात बोरेनस्टाईन आणि फेंग यांनी १९९० च्या दशकात ती मांडली: चार मीटरचा चौकोन, दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा. एवढी जागा नसेल तर लहान चौकोन घ्या, पण दोन्ही दिशा सोडू नका. काटकोनासाठी सुताराचा गुण्या वापरा, नजरेने टेप लावू नका.

बाकीचं थोडक्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर बीओ नावाच्या छोट्या पिवळ्या मोटर घेऊ नका, जोडीतल्या दोन सारख्या निघत नाहीत. एन्कोडरवाली मोटर आधी, लायडार नंतर. सीनियरची तयार लाँच फाईल (गाडीचे सगळे प्रोग्रॅम त्यांच्या आकड्यांसकट सुरू करणारी फाईल) अजिबात उचलू नका, तिच्यातलं चाकांचं अंतर त्याच्या गाडीचं असतं. दोन दिवसांच्या वर्कशॉपची सर्टिफिकेटं मला पैशांची नासाडी वाटतात. त्यापेक्षा आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या रोबोटिक्स स्पर्धेत उतरा. रॉस १ या रोबोटसाठीच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, नोएटिक, हिचा आधार मे २०२५ मध्ये संपला. जुने व्हिडिओ बघून तिच्यावर शिकू नका. आणि फुगलेली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेऊन लोकलमध्ये चढू नका, कधीच.

गणिताची भीती वाटत असेल तर घाबरू नका. काल्मन फिल्टर, म्हणजे अंदाज आणि मोजमाप यांचा मेळ घालायची गणिती रीत, मला तिसऱ्या वाचनात कळला, तोही वहीत एका मितीचं उदाहरण हाताने सोडवल्यावर. वर्गात मान डोलावणाऱ्या बऱ्याच जणांना तो तेव्हा कळलेला नसतो. तुम्ही मागे पडलेले नाही आहात.

टायर बदलला, बॅटरीची जागा हलवली, की चाकांमधलं अंतर पुन्हा काढा. गाडी जागेवर सावकाश दहा फेरे फिरवा आणि टेपच्या रेषेशी ताडून बघा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा सहा वेळा खोडून लिहिलेला आहे. शेवटचा ३१.४.