कॉम्प्रेसर बदलताय? आधी जुन्यातलं तेल बघा

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला आणि कॉम्प्रेसरच गेलाय हे पक्कं झालं, तर तो सोसायटीच्या पार्किंगमध्येही बदलता येतो. गॅस मात्र आधी एसीवाल्याकडे मशीनने काढून घ्या. पाइप ढिला करून हवेत सोडलात तर बोटं गोठतील, डोळ्यांनाही इजा होईल.

जुना कॉम्प्रेसर निघाला की त्यातलं तेल औषधाच्या मापात ओता. स्वच्छ असेल तर नव्यात तेवढंच ठेवा. नव्यात बऱ्याचदा तेल भरूनच येतं, ते आधी मोजा. तेल काळं किंवा चमकीसारखं दिसलं, तर धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये (गाडीच्या पुढच्या भागातली, गॅस थंड करणारी जाळी) गेलाय. हल्लीच्या बारीक नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, बदलावाच लागतो. इथे पैसे वाचवाल तर नवा कॉम्प्रेसरही लवकरच बंद पडेल.

ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) आणि ओ-रिंगा (पाइपांच्या जोडातल्या रबरी रिंगा) नव्याच घ्या. कॉम्प्रेसरमधलं पॅग तेल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ठाण्याच्या पावसाळ्यात नव्या भागांच्या टोप्या अगदी शेवटच्या क्षणी काढा. कॉम्प्रेसर बसवला की त्याच्याच क्लचची पुढची प्लेट हाताने दहा वेळा फिरवा. मग पुन्हा एसीवाल्याकडे: किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं), आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हात लावू नका.