दोन देशांतलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ : हिशेब करताना या चुका टाळा

अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो, हे शाळेतलं गणित विमानाला लावायला जाल तर फसाल. लंडन ते न्यूयॉर्क साधारण 5,550 किलोमीटर. ताशी 900 चा वेग धरला तर सव्वासहा तास येतात. प्रत्यक्षात जायला आठ तासांच्या आसपास लागतात आणि यायला सातच्या आत-बाहेर. अटलांटिकवर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, जाताना समोरून येतो आणि परतताना मागून ढकलतो. म्हणून जायचा वेळ तोच यायचा, असं धरू नका. शिवाय तिकिटावरच्या वेळेत विमान जमिनीवर सरकतं तो वेळही धरलेला असतो.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी 5 ला निघालेलं विमान दहा तास उडून लॉस एंजेलिसला उतरतं, तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे 11 वाजलेले असतात! नुसती वजाबाकी केली तर उत्तर उलटंच येणार. आधी दोन्ही वेळा एकाच शहराच्या घड्याळात आणा, मग वजा करा. वेळेचा फरकही वर्षभर सारखा नसतो. लंडन-न्यूयॉर्कमध्ये एरवी पाच तासांचं अंतर, पण उन्हाळ्यासाठी दोन्ही देश घड्याळं एक तास पुढे करतात आणि अमेरिका ती आधी करते, म्हणून मार्चमध्ये काही दिवस ते चारच तास उरतं.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख तर दोनदा वाचा. माझ्या एका मित्राचं विमान 12 तारखेला 00:20 चं होतं. तो 12 च्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर गेला आणि काउंटरवर कळलं की विमान आदल्याच रात्री गेलं. त्याचा तो पडलेला चेहरा मला अजून आठवतो. अशा तिकिटाला 11 च्या रात्रीच घर सोडायचं असतं.

अंतर मोजताना सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे न्यूयॉर्क ते टोकियो सगळ्यात जवळचा रस्ता अलास्कावरून जातो. आणि जवळचा रस्ता नेहमी मोकळा असतोच असं नाही. 2022 मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं होती तिथेच आहेत! तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका, चालू वेळापत्रक बघा.

एकाच मार्गाचे तीन वेगळे आकडे दिसले तर एककं तपासा. तेच 5,550 किलोमीटर म्हणजे सुमारे 3,450 मैल, आणि सागरी मैलांत जेमतेम 3,000.

‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमानही कधी कधी वाटेत एक थांबा घेतं. मधे कुठेही उतरायचं नसेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधा. आणि विमान बदलायचं असेल तर विमानतळाचं नाव नीट वाचा: टोकियोत नारिता आणि हानेदा हे दोन वेगळे विमानतळ आहेत, आणि एकाहून दुसऱ्यावर जायला तास-दीड तास सहज जातो.