सर्फबोर्डवर कॉर्कचा डेक बसवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये कॉर्कचं नाव काढलं की समोरचा माणूस लगेच वाइनवर येतो. घरी बनवलेल्या सर्फबोर्डवर कॉर्कचा डेक, म्हणजे पाय ठेवायची वरची बाजू, बसवतोय असं सांगितल्यावर तिघांनी मला वापरलेल्या बुचांची पिशवी देऊ केली. प्रेमाने देतात, पण घेऊ नका. सात फुटी बोर्डचा डेक साधारण ०.९ चौरस मीटर भरतो. बुचाचा व्यास २४ मिलिमीटर धरला, तर तेवढ्या जागेला अठराशेच्या आसपास चकत्या कापाव्या लागतील. कितीही घट्ट मांडल्या तरी गोल चकत्यांमध्ये नऊ-दहा टक्के जागा फटींचीच राहते. त्या फटींत रेझिन (चिकटवायला वापरतात ते, सुकल्यावर कडक होणारं द्रव) भरतं, वजन वाढतं आणि मऊ कॉर्कशेजारी कडक रेझिनचे ठिपके तयार होतात. पाय नेमका तिथेच घसरतो.

दुसरा सल्ला मिळतो तो आपल्याकडच्या बुचाच्या झाडाचा. पांढऱ्या, सुवासिक, लांब देठाच्या फुलांचं ते झाड. त्याची साल पूर्वी हलक्या प्रतीची बुचं करायला वापरत, म्हणून हे नाव पडलं. खरा कॉर्क मात्र भूमध्य समुद्राच्या बाजूच्या एका ओक जातीच्या सालीपासून येतो. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकटा पोर्तुगाल देतो. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात आणि पुढची काढायला किमान नऊ वर्षं थांबतात. एवढ्या सावकाश तयार होणारा माल आपण घाईत वाया घालवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

डेकसाठी हवी ती बारीक दाण्यांची, दाबून केलेली २ मिलिमीटरची शीट. नोटीस बोर्डाची जाड, भरड दाण्यांची शीट कडेला भुरभुरते. इंजिनच्या गॅस्केटसाठी मिळते ती रबर मिसळलेली आणि जड असते. २ मिलिमीटरच्या शीटचं वजन ०.९ चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जातं. ३ मिलिमीटर घेतली तर अर्धा किलोच्या वर, आणि ती बोर्डच्या कडेवर वळत नाही ते वेगळंच.

कॉर्क म्हणजे सनमायका नव्हे

बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. आपण कॉर्कला वरून चिकटवायचा शोभेचा थर समजतो. कॉर्कच्या पेशी बंद असतात आणि त्यांत हवा असते. म्हणून तो टाचेखाली दबतो आणि परत वर येतो. पण ताण सोसायची ताकद त्याच्यात फार नाही. ती खालच्या फायबर कापडात असते. बोर्डच्या थर्माकोलच्या गाभ्यावर थेट कॉर्क बसवून ‘दोन थर झाले’ म्हणणाऱ्याच्या बोर्डला महिन्याभरात टाचेच्या जागी खळगा पडतो. खाली चौरस मीटरला २०० ग्रॅमचं फायबर कापड हवंच. कॉर्कच्या वर आणखी एक पातळ कापड घालणं ऐच्छिक आहे. मी घालत नाही, कारण मग कॉर्कचा स्पर्शच उरत नाही.

चिकटवायला हार्डवेअरच्या दुकानातलं पिवळं सोल्युशन वापरू नका. त्यातलं द्रावक थर्माकोल खातं. नेहमीचं पॉलिस्टर रेझिनही तेच करतं, कारण त्यात स्टायरीन असतं. थर्माकोलवर फक्त इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन. खात्री नसेल तर उरलेल्या तुकड्यावर थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थर्माकोल पॅकिंगचा घेऊ नका, घनमीटरला २० किलो किंवा त्याहून जास्त घनतेचा घ्या.

माझा पहिला डेक ज्या चुकीने गेला ती अशी. कापड ओलं केलं, त्यावर कोरडी शीट टाकली, वजनं ठेवली. कॉर्कच्या दाण्यांमधल्या फटींनी खालचं रेझिन वर ओढून घेतलं आणि कापड तहानलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशी वरून सगळं छान दिसत होतं. नाण्याने ठोकल्यावर मात्र मधोमध बद्द आवाज आला. तेव्हापासून मी शीटची खालची बाजू आधी भरून घेतो. इपॉक्सीत मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून ते श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, पत्रीने (रेझिन ओढायच्या पातळ पट्टीने) ओढून दाणे बुजवायचे आणि ते बोटाला चिकट लागायला आलं की शीट ओल्या कापडावर बसवायची. या एका पायरीने अर्धी दुखणी जातात.

नाशिकची हवा

इपॉक्सीच्या डब्यावरच्या वेळा साधारण २५ अंशांच्या धरलेल्या असतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ निम्मा होतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी काम काढलंत तर शीट सरळ करेपर्यंत मगातलं रेझिन धुरायला लागेल. मिश्रण उंच मगात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. त्याने ते कमी तापतं.

सकाळी काम सुरू करणंही चूकच. ऊन चढतं तसतशी थर्माकोलमधली आणि कॉर्कमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते. संध्याकाळी पाचनंतर, पारा उतरत असताना बसवलं तर तीच हवा रेझिनला आत ओढते. पावसाळ्यात शीट आणि कापड आदल्या दिवसापासून कोरड्या खोलीत ठेवा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मगच पुढचा हात द्या. नुसतं घासलं तर तो आणखी पसरतो.

थंडीत उलटी अडचण येते. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की रेझिन दोन-दोन दिवस चिकट राहतं आणि मग कोणीतरी सुचवतं, ‘हार्डनर वाढव’. कधीही वाढवू नका. पॉलिस्टरमध्ये ते थोडंफार चालतं. इपॉक्सीत दोन्ही भाग मोजून एकमेकांशी जुळायचे असतात, जास्तीचा हार्डनर तसाच मऊ उरतो. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हेही डब्यावर पाहा. घाईत तीच गल्लत होते. खोली गरम करा आणि वाट पाहा.

दाब, कडा आणि शेवटचा हात

शीट सगळीकडून सारखी दाबायला बोर्ड प्लास्टिकच्या बॅगेत घालून आतली हवा ओढतात. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर हा व्हॅक्यूम करता येतो. गेजवर २५० मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे जाऊ नका, हलका थर्माकोल चेपतो. बोर्ड त्याच्या लांबीतल्या बाकानुसार (वळणानुसार) कापलेल्या आधारावर ठेवा, नाहीतर बॅग ओढली जाताना बाक सरळ होतो आणि तो परत येत नाही. व्हॅक्यूम नसेल तर वाळूच्या पिशव्या आणि कडेवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. काम बरं होतं.

कडेवर शीट जबरदस्तीने वळवू नका. गरम पाण्याचं फडकं ठेवून ती मऊ करा, पूर्ण सुकू द्या, गरज पडली तर पाचरीसारखे छेद द्या. सांधा टाचेखाली येणार नाही असा ठेवा.

वरून रेझिनचा जाड हात देणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. काचेसारखं चमकतं, फोटोत सुंदर येतं आणि पाण्यात पाय ठरत नाही. काहीच न लावणंही बरोबर नाही, कारण सनस्क्रीनचं तेल आणि माती आत मुरते. एक पातळ हात द्या, पत्रीने ओढून जवळजवळ सगळा काढा, सुकल्यावर १२० नंबरच्या कागदाने हलकं घासा. पकडीसाठी बोर्डवर चोळतात ते वॅक्स आधी लावू नका. ओला कॉर्क स्वतःच पकड देतो, आणि एकदा वॅक्स मुरलं की पुढे दुरुस्तीचं रेझिन धरत नाही.

घाटातून नेताना

बोर्ड पोकळ लाकडी असेल तर हे लक्षात ठेवाच. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के कमी असतो. किनाऱ्यावर बोर्डची हवा सोडायची झडप बंद करून कसारा घाट चढून आलात, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दाबाची राहते. ०.९ चौरस मीटरच्या डेकवर तो फरक सहाशे किलोहून जास्त ढकल देतो. त्यात गाडीच्या कॅरियरवरचं ऊन भर घालतं. तपकिरी कॉर्क पांढऱ्या बोर्डपेक्षा लवकर तापतो. प्रवासात झडप उघडी, पाण्यात बंद. थर्माकोलच्या बोर्डलाही झडप लावा आणि गाडीत ओल्या चादरीने झाका.

कॉर्क सुटून फुगा आलाच तर संपूर्ण शीट उपटू नका. नाण्याने ठोकत बद्द आवाजाची हद्द पेन्सिलीने आखा. दोन टोकांना बारीक भोकं पाडा आणि एका भोकातून सिरिंजने इपॉक्सी सोडा. दुसऱ्यातून रेझिन बाहेर आलं की वर प्लास्टिकचा कागद आणि वाळूची पिशवी ठेवा. मात्र फुगा ओला असेल, तर आधी बोर्ड भोक खाली करून सावलीत टांगा आणि रोज त्याच काट्यावर वजन करा. तीन दिवस आकडा हलला नाही, की मगच रेझिन भरा.