हेवी म्युझिकसाठी गिटार घेताना ब्रिज, खुंट्या आणि फिनिश कसं पारखावं

सांगली-साताऱ्यात हेवी वाजवणाऱ्या पोराची पहिली इलेक्ट्रिक गिटार बहुधा ऑनलाइनच येते. स्क्रीनवर काळा मॅट रंग दिसतो, टोकदार बॉडी दिसते, खाली ‘फ्लॉइड रोझ’ असं लिहिलेलं असतं आणि बोट आपोआप ‘बाय नाऊ’वर जातं. पहिला आठवडा मजेत जातो. मग गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी तार तुटते, किंवा गायक म्हणतो, “मला जमत नाहीये, एक सूर खाली घेऊ.” त्या रात्री ब्रिज म्हणजे काय ते कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली हेवी गिटार घेणाऱ्याने स्थिर ब्रिज घ्यावा (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग). उरलेले पैसे खुंट्या आणि नटावर, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर घालावेत. फिनिशचा विचार हाताला काय लागतं आणि घाम-पावसात काय टिकतं एवढ्यापुरताच करावा. आता क्रमाने.

1. आधी सूर ठरवा

ब्रिजचं दुकान उघडण्याआधी तुम्ही कुठल्या ट्यूनिंगमध्ये वाजवणार ते ठरवा. स्टँडर्डमध्ये सर्वांत जाड तार ‘ई’वर, म्हणजे 82.4 हर्ट्झवर असते. ड्रॉप डी केलं, म्हणजे फक्त ही तार ‘डी’पर्यंत उतरवली, की ती 73.4 हर्ट्झवर येते. ऐकायला दोनच अर्धस्वर, पण तारेवरचा ताण जवळजवळ 20 टक्क्यांनी उतरतो. ड्रॉप सीला, म्हणजे तीच तार ‘सी’पर्यंत नेली की, चार अर्धस्वर, ताण साधारण 37 टक्के कमी. मग तार लोंबते, फ्रेटवर फडफडते, आणि पिक जोरात मारला की सूर आधी चढतो आणि नंतर जागेवर येतो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे हेवीच्या त्या फाटलेल्या आवाजात, हे सगळं अधिकच घाण ऐकू येतं.

ताण परत आणायचे दोन मार्ग. पहिला, जाड तार. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 46 ची तार ड्रॉप डीला पूर्वीसारखी घट्ट हवी असेल तर ती 52 च्या आसपास लागते, आणि 10-52 हा सेट (सर्वांत बारीक तार 10, सर्वांत जाड 52) सहज मिळतो. ड्रॉप सीला 56 ते 58. दुसरा मार्ग, लांब स्केल, म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी जास्त. लेस पॉल घराण्यातल्या गिटारी 24.75 इंची, स्ट्रॅटच्या घराण्यातल्या 25.5 इंची. तीच तार त्याच सुराला लावली तर लांब स्केलवर ताण सुमारे 6 टक्के जास्त भरतो. 27 इंचांवर गेलात तर आणखी 12 टक्के, म्हणजे एक अर्धस्वर खाली उतरल्याचं नुकसान भरून निघतं.

ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी याने 1971 च्या सुमारास गिटार तीन अर्धस्वर उतरवली ती तारा सैल व्हाव्यात म्हणून. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या बोटांची टोकं गेली होती, ताठ तार दाबणं त्याला त्रासाचं होतं. त्याला सैल तार हवी होती, तुम्हाला बहुधा नको आहे.

2. मग ब्रिज निवडा

हार्डटेल म्हणजे बॉडीला स्क्रूने घट्ट बसवलेली पट्टी आणि तिच्यावर सहा सॅडल, प्रत्येक तार टेकायला एक. हलणारं काहीच नाही. सूर टिकतो, ट्यूनिंग बदलायला मिनिट लागतं, तार तुटली तर बाकीच्या पाच जागच्या जागी राहतात. तारा बॉडीच्या मागून घातलेल्या असतील तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी वेगळी गिटार शोधायची गरज नाही.

ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आणि त्यामागे तारा अडकवायचा वेगळा टेलपीस ही गिब्सनची पद्धत, 1954 सालची. हीसुद्धा स्थिरच. फक्त दोन गोष्टी बघा. हा ब्रिज बॉडीपासून उंच बसतो, त्यामुळे पाम म्यूट करताना, म्हणजे तळहाताची कड तारांवर ठेवून आवाज दाबताना, तळहात अधांतरी राहतो. काहींना ते आवडतं, मला नाही. दुसरं, सॅडलला मागेपुढे सरकायला जागा कमी असते. खूप खाली ट्यून करून जाड तार लावली की सॅडल मागच्या भिंतीला टेकतं आणि तरीही वरच्या फ्रेटवर सूर चढलेलाच राहतो.

त्याच 1954 मध्ये फेंडरच्या स्ट्रॅटवर स्प्रिंगवाला ट्रेमोलो आला, म्हणजे दांडी (बार) दाबून सूर हलवता येणारा ब्रिज. मागच्या खोबणीत स्प्रिंगा, पुढे तारांचा ताण, दोन्हींचा तोल सांभाळत ब्रिज बसतो. 10-46 च्या सेटचा एकूण ताण स्टँडर्ड ट्यूनिंगला सुमारे 45 किलो भरतो, आणि त्याचा तोल मागून स्प्रिंगांना सांभाळावा लागतो. फ्लॉइड रोझने 1979 साली पेटंट मिळवलेली रचना हीच, पण तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद: नटावर एक कुलूप, सॅडलमध्ये दुसरं. बार कितीही खाली दाबा, सोडला की सूर परत येतो. हेवी म्युझिकच्या लीडमध्ये जे घोड्यासारखं खिंकाळणं ऐकू येतं, ते या यंत्राशिवाय नीट जमत नाही हे खरंच.

पण तरंगत्या ब्रिजची तऱ्हा अशी, की एका तारेचा ताण बदलला की सगळ्यांचा बदलतो. एक तार बोटाने आडवी ओढून सूर चढवला (बेंड केली) तर बाकीच्या उतरतात, एक तुटली तर बाकीच्या चढतात. स्टँडर्डवरून ड्रॉप सीला जायचं तर तारा, स्प्रिंगा, ब्रिजचा कोन, सगळं पुन्हा जुळवायचं. स्वतः शिकायची तयारी असेल तर ठीक. नसेल तर सांगलीहून पुणे 230 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि दर वेळी कोण जाणार?

घेतलाच फ्लॉइड, तर तार बदलण्याचा क्रम पाठ करा. ब्रिजच्या ठोकळ्यामागे कापडाची घट्ट घडी किंवा लाकडाचा तुकडा घालून ब्रिज सरळ धरून ठेवा. एका वेळी एकच तार काढा. नव्या तारेचं गोळीचं टोक पक्कडीने कापा, तार सॅडलच्या जबड्यात तळापर्यंत सरळ घाला, मागून ॲलन किल्लीने आवळा. जोर लावून पिळू नका, ठोकळा चिरतो. सहाही झाल्या की फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे सूर बारीक हलवायचे स्क्रू) मधोमध आणा, तारा हाताने ओढून ताणून घ्या, लाकूड काढा, खुंट्यांवर सूर लावा. एक तार लावली की आधीची हललेली असते, म्हणून चार-पाच फेऱ्या होतात. शेवटी नटाचं कुलूप. ते आवळताना सूर किंचित चढतो, तो फाइन ट्यूनरने उतरवायचा. तंबोऱ्याच्या तारेत ओवलेले मणी सरकवतात ते याच बारीक कामासाठी.

बार वापरतच नाही असं लक्षात आलं तर लाकडाचा तुकडा तसाच कायम ठेवा. ट्रेमोलो अडवलेली गिटार ही कमीपणाची गोष्ट नाही.

एव्हरट्यून नावाचा एक ब्रिज आहे. प्रत्येक तारेचा ताण आतल्या स्प्रिंगच्या रचनेने कायम ठेवतो, कितीही जोरात पिक मारा, सूर चढत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या मेटल बँडांना तो फार आवडतो. मात्र बॉडीत मोठा खड्डा कोरावा लागतो, गिटार जड होते. चालू गिटारीत तो बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

3. वस्तू हातात घ्या आणि जवळून बघा

दुकानात असाल किंवा कुणाची जुनी गिटार घेत असाल, तर खिशात छोटं चुंबक आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरे. चुंबक ब्रिजच्या पायापट्टीला लावा (पिकअपपासून जरा लांब, तेही चुंबकच आहेत). चिकटलं तर पोलाद. नाही चिकटलं तर पितळ किंवा जस्ताची ओतीव मिश्रधातू. स्थिर ब्रिजला जस्तही चालून जातं. फ्लॉइडला नाही, कारण तो पूर्ण ब्रिज दोन खांबांवर टेकलेल्या धारदार कडांवर झुलतो. मऊ धातूची कड काही महिन्यांत बोथट होते, आणि मग बार सोडल्यावर ब्रिज कधी इथे थांबतो, कधी तिथे. टॉर्चच्या उजेडात त्या कडेवर खाच किंवा चपटा भाग दिसला तर ती गिटार तिथेच ठेवा.

हार्डटेलवर तळहाताची कड सॅडलवर ठेवून पाम म्यूटची एखादी रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) दहा मिनिटं वाजवा. उंची बदलायचे बारीक स्क्रू सॅडलच्या वर डोकावत असतील तर ते हाताला बोचतात. अशा वेळी तितक्याच आट्यांचे आखूड स्क्रू मिळतात, ते बदलले की काम झालं.

मग तार सॅडलवरून जिथे सुटते ती जागा बघा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा तार पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत राहील अशी घासणी करतात, त्यातूनच तो झणकार येतो. गिटारला नेमकं उलटं हवं: तार एका स्पष्ट टोकावरून सुटली पाहिजे. सॅडल झिजून सपाट झालं असेल तर तुमची ड्रॉप सीची रिफ सतारीसारखी झणझणते.

4. नट आणि खुंट्या

स्वस्त गिटारमध्ये सूर उतरण्याचा दोष लोक खुंट्यांना देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार नट असतो. 46 साठी कापलेल्या खाचेत 56 ची तार कोंबली की ती अडकते, आणि खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो. जुन्या जाड तारेच्या तुकड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच फक्त रुंद करा. खोल अजिबात नको. वर शिसपेन्सिलीची पूड. नट पूर्ण बदलायचा झाला तर ग्राफाइटचा किंवा हाडाचा घ्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे घोडीवर बारीक कानस चालवणारे हात आहेत. जुना नट आणि तारांचे तुकडे बरोबर नेऊन विचारायला काहीच हरकत नाही.

लॉकिंग खुंट्या (तार खुंटीतच कुलूपबंद करणाऱ्या) स्थिर ब्रिजवर चैनीच्या, पण सोयीच्या. फ्लॉइडवर निरुपयोगी, कारण कुलूप नटावरच आहे. 18:1 प्रमाणाच्या (18 वळसे फिरवले की दांडा एकदा फिरतो अशा) खुंटीने जाड तार 14:1 पेक्षा सावकाश, नेमकी लागते.

5. नको ते आवाज बंद करा

हेवी रिफमधला थांबा हा रिफचाच भाग असतो. हात ठेवला की शांतता हवी. ट्रेमोलोच्या गिटारीत मात्र मागच्या स्प्रिंगा वाजत राहतात. सतारीत तरफेच्या तारा मुद्दाम घालतात, इथे त्या फुकट आणि बेसूर मिळतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगांमध्ये स्पंजचा तुकडा खोचा. नटाच्या पलीकडच्या तारांवर केसांचा कापडी रबर गुंडाळा. गेन, म्हणजे ॲम्पवर आवाज फाडणारी पातळी, जितका जास्त, तितका हा पाच रुपयांचा इलाज महागड्या ब्रिजपेक्षा ठळक ऐकू येतो.

धातूने आवाज बदलतो का, पितळ ‘गोड’ आणि पोलाद ‘तिखट’ का, यावर पोरं रात्र रात्र भांडतात. हाय गेनवर पिकअप (तारांचा आवाज उचलणारे चुंबक), तारा आणि स्पीकर यांच्यापुढे तो फरक ऐकू येणं अवघड. भांडायला विषय म्हणून छान आहे.

6. फिनिश

बाजारातल्या बहुतेक गिटारी पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच्या. टणक, ओरखडे सहन करणाऱ्या, घामाला न दबणाऱ्या. आपल्या हवेला हेच बरं. नायट्रोसेल्युलोज पातळ, सुंदर म्हातारं होणारं, पण नाजूक. तापमान झपाट्याने बदललं की त्याला बारीक तडे जातात, आणि स्टँडच्या रबराशी त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन डाग पडतो. अशी गिटार असेलच तर स्टँडला सुती कापड गुंडाळा. तेल-मेणाचं फिनिश हाताला लाकूड देतं, पण महाबळेश्वर-मेढ्याच्या बाजूला राहत असाल, तर अशी गिटार पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलसोबत ठेवावी लागेल.

बॉडीवर काहीही असो, नेकच्या पाठीवर मात्र सॅटिन हवं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या घरात जातो तेव्हा चकचकीत नेकला अंगठा चिकटतो. पॉलीचा चकचकीत नेक बारीक, राखाडी स्क्रब पॅडने लांबीच्या दिशेने हलका घासला की मॅट होतो. स्टील वूल वापरत असाल तर पिकअपवर आधी टेप लावा, नाहीतर लोखंडाची पूड चुंबकांना जाऊन बसते ती निघत नाही. मॅट काळी बॉडी जिथे हात घासतो तिथे वर्षभरात चमकायला लागते, ते गृहीत धरा.

ब्रिजच्या मुलाम्यात क्रोम सर्वांत टिकाऊ. सोनेरी सर्वांत आधी उडतो, काळा तळहाताखाली. खरी गोम मुलाम्यात नाही, बारीक स्क्रूंत आहे. घामाने ते गंजतात आणि मग ॲलन किल्ली फिरत नाही. वाजवून झाल्यावर सॅडल पुसा, आणि अधूनमधून आट्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, टाचणीच्या टोकाने.

7. शेवटी सेटअप, याच क्रमाने

नव्या तारा, ठरलेलं ट्यूनिंग, मग नेकचा बाक. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव वळसाच फिरवा. मग सॅडलची उंची, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा येतो का ते. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता, नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढत असेल तर सॅडल मागे न्या, उतरत असेल तर पुढे. प्रत्येक सरकवणीनंतर तार पुन्हा सुरात लावून मगच तपासा. तार दाबताना हेवीच्या सवयीने जीव काढू नका, नुसत्या दाबानेही सूर चढतो. जून लागला की ही तपासणी पुन्हा करा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आणखी एकदा.