उलटलेला मायलोमा आणि प्रतिसादाची खोली: या चुका टाळा

मल्टिपल मायलोमा (बोन मॅरोतल्या पेशींचा कॅन्सर) उलटतो, नवं औषध सुरू होतं, एम-प्रोटीन (या पेशींनी बनवलेलं रक्तातलं प्रोटीन) खाली येतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. प्रतिसाद जितका खोल, म्हणजे उरलेला आजार जितका कमी, तितका आजार जास्त काळ शांत राहतो, हे खरंच आहे. डॅराट्युमुमॅब या औषधाच्या पोलक्स आणि कॅस्टर या चाचण्यांतही ज्यांचा एमआरडी (उपचारानंतर उरलेल्या मोजक्या कॅन्सर पेशींची तपासणी) निगेटिव्ह झाला, त्यांचा आजार उशिरा बळावला. पण हे नातं मांडताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतेय.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक वेळेची. एका रेसिडेंटने एकदा आलेख आणला: पूर्ण प्रतिसाद मिळालेले (ज्यांचं एम-प्रोटीन तपासणीत सापडेनासं झालं ते) एका रेषेवर, बाकीचे दुसरीवर, मोजणी उपचाराच्या पहिल्या दिवसापासून. दोन रेषांत प्रचंड अंतर, आणि तो खूश. मी विचारलं, खालच्या रेषेतले किती जण पहिल्या तीन महिन्यांतच गेले? बरेच होते. त्यांना पूर्ण प्रतिसादापर्यंत पोहोचायला वेळच मिळाला नव्हता, आणि जे पोहोचले ते तोवर जिवंत होते म्हणूनच पोहोचले. त्या संध्याकाळी आम्ही सहा महिन्यांवर खूण केली, त्या दिवशी हयात असलेले रुग्णच घेतले, त्या दिवशीच्या प्रतिसादावरून गट पाडले आणि तिथून पुढे मोजलं. फरक उरला, पण बराच आक्रसला. ही लँडमार्क पद्धत अँडरसन, केन आणि गेल्बर यांनी १९८३ मध्येच मांडली आहे. सॉफ्टवेअरला एक कॉलम दिला की आलेख निघतो, म्हणून तो बरोबर ठरत नाही. मी आधी प्रत्येक रुग्णापुढे प्रतिसादाची तारीख हाताने लिहिते. वेळ जातो, जाऊ द्या.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने मायलोमाच्या चाचण्यांत एमआरडी हा निकष मानायला १२ विरुद्ध ० मतांनी पाठिंबा दिला. तो चाचण्यांसाठी. समोरच्या रुग्णाचं औषध एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबवायला कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी चूक पॅथॉलॉजीच्या टेबलावरची. डॅराट्युमुमॅब स्वतःच आयजीजी कॅप्पा जातीची अँटिबॉडी आहे. रुग्णाचं प्रोटीनही आयजीजी कॅप्पा असेल, तर इम्युनोफिक्सेशनमध्ये (असं प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या तपासणीत) औषधाचीच पुसट पट्टी उमटते आणि पूर्ण प्रतिसाद असूनही व्हीजीपीआर (‘खूप चांगला अंशतः प्रतिसाद’, पूर्ण प्रतिसादाखालची पायरी) लिहिलं जातं. औषधाची पट्टी बाजूला सरकवणारी वेगळी तपासणी असते, पण औषध चालू आहे हे लॅबला कळलं तरच ती होणार. फॉर्मवर औषधाचं नाव नसेल तर मी नमुना लावायच्या आधी फोन करते.

एमआरडीसाठी बोन मॅरोचा पहिलाच उपसा पाठवा. नंतरच्यात रक्त मिसळतं. लाखात एक पेशी पकडली की दहा हजारांत एक, हे न सांगणारा रिपोर्ट अपुरा आहे. मॅरो स्वच्छ असला तरी आजार मॅरोबाहेर असू शकतो, त्यासाठी पेट स्कॅन.

आणि तुलना सुरुवातीच्या आकड्याशी करू नका. ३ ग्रॅमवरून ०.४ वर आलेलं एम-प्रोटीन १ झालं, तरी ‘सुरुवातीपेक्षा कमीच आहे’ म्हणून स्वस्थ बसणारे मी पाहिले आहेत. मोजायचं ते नीचांकापासून: २५ टक्के वाढ, आणि डेसिलिटरमागे किमान ०.५ ग्रॅम. इथे दोन्ही ओलांडलं आहे. लगेच दुसरा नमुना पाठवा. त्यातही तेच आलं तर आजार बळावला आहे.